झडपेला बांधलेलं कापड

मागच्या खिडकीच्या झडपेला कापडाची एक पट्टी बांधलेली होती. विटून गेलेली, निळसर म्हटलं तर निळसर. झडपेच्या लोखंडी कडीतून आणि खिडकीच्या गजातून ओवून तिला एकावर एक तीन गाठी मारल्या होत्या. घराच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. दादा परगावी, धाकटा त्याहून लांब. चौदा महिन्यांत आमच्यापैकी कोणी इकडे फिरकलं नव्हतं. मग ही गाठ कोणाची? दार उघडायचं सोडून मी तिथेच उभी राहिले. झडपेचा आकडा निखळून पडला होता, चौकटीत त्याची गंजकी भोकं तेवढी उरली होती. म्हणजे झडप वाऱ्यावर आपटत असणार, आणि या घराशी काही नातं नसलेल्या कोणीतरी येऊन ती बांधून ठेवली असणार. आधी मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याच्या आड काहीतरी बोचायला लागलं. परत आल्यावरही ते गेलं नाही.

दार उघडलं तसा वास आला. बंद घराचा वास ज्याने घेतला आहे त्याला तो वेगळा सांगायला नको. ओल्या मातीचा नाही, धुळीचा नाही, जुन्या कागदांचा नाही, आणि तरी या सगळ्यांचा थोडा थोडा. आईला जाऊन सहा वर्षं झाली. पहिली दोन-तीन वर्षं दार उघडलं की तिचा वास यायचा. निदान मला तरी यायचा. या खेपेला तो आला नाही. माजघरातला झोपाळा, कोनाड्यातला तिचा चष्मा, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, सगळं आपापल्या जागी होतं. क्षणभर वाटलं, काहीच झालेलं नाही. मग मान वर गेली. तक्तपोशीवर चहाच्या रंगाचा एक डाग पसरला होता. त्याला एकात एक अशा कडा होत्या, झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात तशा. मोजल्या तर चार भरल्या. चार पावसाळे.

माळ्यावर चढले. छपरातलं एक कौल चार बोटं खाली सरकलं होतं. फुटलंही नव्हतं, फक्त सरकलं होतं. त्या फटीतून आकाशाचा एक चिंचोळा तुकडा दिसत होता. तिथून पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर आणि वाशाच्या उतारावरून भिंतीपर्यंत आलं होतं. वासा जिथे भिंतीत शिरतो, तिथे लाकूड काळसर दिसत होतं. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून मी दाराच्या किल्लीचं टोक त्यावर दाबलं. किल्ली आत गेली. बोटाच्या पेराएवढी, अजिबात विरोध न होता. ज्या किल्लीने मी इतकी वर्षं हे घर सांभाळते आहे असं मला वाटत होतं, ती त्याच्या हाडात रुतून बसली होती.

ती बाहेर काढताना हात थरथरला.

बाबांची एक सवय होती. पहिला मोठा पाऊस पडला की ते रात्री विजेरी घेऊन माळ्यावर जायचे. आम्ही खालून विचारायचो, काही दिसतंय का? वरून उत्तर यायचं, थांबा जरा. मग बराच वेळ त्यांच्या पावलांचा आवाज, मध्येच शांतता, परत पावलं. ती शांतता म्हणजे ते ऐकत असायचे. गळतीचं पाणी डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळतं असं ते म्हणायचे. सकाळी काठीने एखादं कौल आतूनच वर सरकवून ठेवलं की त्यांचं काम झालं. दोन मिनिटांचं काम. आईचं काम त्याहूनही न दिसणारं. सकाळी उठली की आधी पुढच्या खिडक्या, मग मागच्या. दुपारी ऊन फिरलं की पश्चिमेच्या झडपा ओढून घ्यायच्या, संध्याकाळी परत उघडायच्या. कोपऱ्यात बुरशीचा ठिपका दिसला तर पुसून टाकायचा. भिंतीवर वाळवीची मातीची रेघ दिसली की त्याच क्षणी मोडायची आणि ती कुठून निघाली ते शोधत जोत्यापर्यंत जायचं. तिला कोणी विचारलं असतं की तू घराची डागडुजी करतेस का, तर ती नाही म्हणाली असती. तिच्या लेखी ती फक्त राहत होती.

आम्हा भावंडांना हे कळलंच नाही. आई गेल्यावर आम्ही तिघांनी मिळून घर आवरलं. गाद्या गुंडाळल्या, कपाटं बंद केली, एकेक खिडकी घट्ट लावली, पडदे ओढले, मुख्य झडपांच्या फटींत धूळ येऊ नये म्हणून कागद दुमडून बसवले. मी स्वतः बसवले. ते करताना मला वाटत होतं की मी घराला झाकून ठेवते आहे, थंडीत एखाद्याच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तसं. कुलूप लावून बाहेर पडताना दादा म्हणाला, ‘‘असू दे असंच. बघू सवडीने.’’ धाकटा काही बोलला नाही. त्या ‘बघू’ला सहा वर्षं झाली.

आमच्यात भांडण नाही, हे मुद्दाम सांगते. बंद घर म्हटलं की वाटणीचे वाद, कोर्टकचेऱ्या हेच लोकांच्या मनात येतं आणि तशी घरंही पुष्कळ असतात. आमचं तसं नव्हतं. तिघंही एकमेकांना जपत होतो. विकायचं का, असं दादाने विचारलं असतं तर मला लागेल म्हणून त्याने विचारलं नाही. तू तिथे जाऊन राहतेस का, असं मी धाकट्याला विचारलं असतं तर त्याच्यावर ओझं पडेल म्हणून मी विचारलं नाही. फोनवर घराचा विषय निघाला की आम्ही आठवणींकडे वळायचो. कोण कुठल्या पायरीवरून पडलं होतं, कोणाचं नाव कुठल्या खांबावर कोरलेलं आहे. आठवणींवर आमचं एकमत होतं. छपराबद्दल कोणी बोलत नव्हतं. तिघांचं घर, म्हणून पन्हळीतला पाला काढायची पाळी कोणाचीच नाही.

घर इतक्या लवकर का खचतं, हा प्रश्न त्या किल्लीपासून डोक्यात राहिला. शंभर वर्षं उभं राहिलेलं लाकूड सहा वर्षांत कसं हरतं? मी विचारत गेले, वाचत गेले, आणि सगळ्या वाटा पाण्याशी जाऊन थांबल्या. लाकूड म्हातारं होऊन कुजत नाही. कोरडं राहिलं तर ते शतकानुशतकं टिकतं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांहून जास्त पाणी त्यात साठलं आणि साठूनच राहिलं, की कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. तिचे बीजाणू हवेत कायमच असतात, आपण राहत होतो तेव्हाही ते घरात होतेच. त्यांना फक्त ओल लागते आणि न हलणारी हवा लागते. मी दोन्हींची सोय करून दिली होती. वाळवीचंही तेच. ती उघड्यावर वाळून मरते, म्हणून मातीच्या नळ्या बांधून त्यांच्या आतून चालते. तिलाही ओल हवी, अंधार हवा आणि मुख्य म्हणजे कोणी त्रास न देणारं घर हवं. राहत्या घरात लाकूड भिजत नाही असं नाही. भिजतं आणि वाळतं. खिडकी उघडते, वारा फिरतो, माणसं येतात-जातात. बंद घरात ते फक्त भिजतं.

मी फटींत बसवलेले ते कागद मला त्या रात्री झोपू देईनात.

पुढच्या आठवड्यात एका वयस्कर गवंड्यांना घेऊन गेले. त्यांनी छपराकडे पाहिलंही नाही. आधी घराला बाहेरून चक्कर मारली, हाताची बोटं भिंतीवरून फिरवत, डॉक्टर पाठ तपासतो तसे. मागच्या भिंतीशी थांबले. तिथे बाबांनी एके वर्षी खालच्या तीन फुटांवर सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, ओल वर चढू नये म्हणून. तो करताना बाबा किती खूष होते ते मला आठवतं. आता पक्कं झालं, म्हणाले होते. गवंड्यांनी मुठीने ठोकलं, पोकळ आवाज आला. बोटाने कड ओढली तर ताटाएवढा पापुद्रा हातात आला. आतल्या विटा क्षारांच्या लोण्याने पांढऱ्या पडलेल्या, बोट लावलं तर पीठ. ‘‘ताई, जुन्या भिंतीत पाणी शिरणारच. ते बाहेर कुठून पडेल तेवढं बघायचं. इथं त्याला वाट ठेवली नाही,’’ ते म्हणाले. चुन्याच्या भिंतीत ओल चढते आणि पृष्ठभागावरून उडून जाते. वरून सिमेंटचं झाकण बसलं की ती आत कोंडते, झाकणाच्या वरच्या कडेपर्यंत चढते, आणि तिच्याबरोबर आलेले क्षार आतच स्फटिक होऊन विटा फोडत राहतात. बाबांनी जीव लावून केलेली गोष्ट भिंतीला आतून खात होती. मी ती गवंड्यांपुढे बोलून दाखवली नाही. पण त्यांना समजलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, ‘‘तेव्हा सगळेच तसं करायचे.’’

चुन्याबद्दल त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मला फार धरून राहिलं. चुनखडीचा दगड साधारण 900 अंशांना भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवायचा, वाळूत मळायचा, भिंतीत घालायचा. मग तो महिनोन्‌महिने, आतल्या थरांत वर्षानुवर्षं, हवेतला तोच वायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. गवंड्यांनी हे ‘‘चुना हवा खाऊन दगड होतो’’ एवढ्या पाच शब्दांत सांगितलं, रसायन मी नंतर समजून घेतलं. घरात माणसं राहत असतील तर त्या हवेत त्यांचे श्वासही असतात. म्हणजे पणजोबांनी हे घर बांधलं आणि ती ओल्या चुन्याची खोली पहिल्यांदा माणसांनी भरली, तेव्हाच्या श्वासांचा काही अंश या भिंतींत दगड होऊन बसला असेल. माजघरातल्या भिंतीला मी तळहात लावून बराच वेळ उभी होते. गार होती. मला रडू आलं नाही. खूप दिवसांनी त्या घरात मला कोणाची तरी सोबत वाटली, एवढंच.

वाचताना एक तारीख भेटली, 1877. त्या वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या सोबत्यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. त्यांचा राग पडझडीवर होता त्याहून जास्त जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनं खरवडून नवं चढवणाऱ्यांवर होता. त्यांच्या जाहीरनाम्यात एक साधी मागणी आहे. रोजच्या काळजीने पडझड लांबवा, कलणाऱ्या भिंतीला टेकू द्या, गळकं छप्पर दुरुस्त करा. 1964च्या व्हेनिसच्या सनदेतही वास्तू टिकवायची तर देखभाल कायम चालू हवी हे सुरुवातीलाच येतं. आणि 1973मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या मॉन्युमेंटनवाख्त या संस्थेचं काम वाचताना तर मला बाबांची पावलं ऐकू आली. त्यांची माणसं ठरलेल्या काळाने जुन्या इमारतींवर चढतात, पन्हळी साफ करतात, सरकलेलं कौल जागेवर बसवतात, कुठे काय बिघडतंय त्याची नोंद घरमालकाच्या हाती देतात आणि पुढच्या घराकडे जातात. एका देशाने विजेरी घेऊन माळ्यावर जाणं हे रीतसर काम मानलं, त्यासाठी माणसं नेमली. आमच्या घरात ते एका माणसाच्या सवयीवर चाललं होतं आणि त्या माणसाबरोबर गेलं.

सगळ्यात जास्त लागलं ते अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने 1993मध्ये काढलेलं एक टिपण. रिकामी जुनी इमारत काही काळ बंद ठेवायची असेल तर ती कशी बंद करावी, एवढाच त्याचा विषय. त्यात 9 पायऱ्या आहेत. आधी घराची नोंद आणि तपासणी, मग कमकुवत भागांना आधार, किडींचा बंदोबस्त, पाण्यापासून बचाव, चोरांपासून बचाव, आत हवा खेळती राहण्याची सोय, वीज-पाण्याची व्यवस्था आणि शेवटी नियमित देखरेखीची आखणी. म्हणजे घर बंद करणं हेसुद्धा एक काम आहे, शिकून करायचं. आम्ही त्यातली एकच गोष्ट केली होती. कुलूप.

पन्हळीच्या सांध्यातून पिंपळाचं एक रोप निघालं होतं. हातभर उंच, आठ-दहा पानं, तांबूस कोवळा शेंडा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि चुन्याच्या फटीत चिमूटभर धूळ मिळाली तरी रुजतं. मी ते ओढलं आणि ते देठाशी मोडून हातात आलं. गवंडी लांबून ओरडले, ‘‘ओढू नका!’’ वरून तोडलेला पिंपळ आत मुळं जाड करत बसतो आणि पुढच्या पावसात दुप्पट जोराने येतो, शिवाय ओढाताणीत सांधा सैल होतो तो वेगळाच. सांधा उकरून मूळ पूर्ण काढायचं, नाहीतर ते मारून मगच फट भरायची. त्यांनी तेच केलं, छिन्नीने, अर्धा दिवस घालवून. निघालेलं मूळ रोपाच्या तिप्पट लांब होतं. त्या रोपाबद्दल मला राग येत नव्हता, हे कबूल करायला हवं. सहा वर्षांत त्या घरात मनापासून राहायला आलेलं तेवढंच एक होतं.

कापडाचं कोडं तिसऱ्या खेपेला सुटलं. मागच्या बाजूला उभी असताना पलीकडच्या घरातून एक मुलगी बाहेर आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल. दोन वर्षांपूर्वी ते तिथे भाड्याने आले. मी झडपेकडे बोट दाखवून विचारलं, तर ती एकदम ओशाळली.

‘‘काकू, मीच बांधलं. विचारायला हवं होतं, पण विचारणार कोणाला? रात्रभर आपटायचं. हा दचकून उठायचा आणि मग पहाटेपर्यंत झोपायचा नाही. दोनदा सुटलं, म्हणून तिसऱ्यांदा त्याचंच दुपटं फाडून बांधलं. ते मऊ असतं ना, गाठ घट्ट बसते.’’

मी म्हटलं, बरं केलंस. ती जरा मोकळी झाली. मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, ‘‘आम्हाला वाटायचं, या घराला कोणी नाहीच.’’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर उत्तर देता आलं असतं. इतके दिवस मी मनात एक चित्र रंगवलं होतं, की कोणा जुन्या ओळखीच्या माणसाला आमच्या घराची माया आली आणि त्याने येऊन झडप बांधली. प्रत्यक्षात आमचं घर एका तान्ह्या पोराची झोप मोडत होतं. आणि ज्या आईला ते घर नुसतं उपद्रव होतं, तिने तीन वेळा येऊन त्याच्याकडे पाहिलं होतं. तीन वेळा. आम्ही तिघं चौदा महिन्यांत मिळून एकदाही नाही.

त्या संध्याकाळी मी दोघा भावांना एकत्र फोन लावला आणि आठवणींकडे वळू दिलं नाही. किल्ली लाकडात गेली तिथूनच सुरुवात केली. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘विकूया असं मला कधीपासून म्हणायचं होतं.’’ धाकट्याचा आवाज चढला. कधी नव्हे ते आम्ही तावातावाने बोललो. प्रश्न सुटला नाही, अजूनही सुटलेला नाही. पण एवढं ठरलं की विकायचं असो वा ठेवायचं, ते ठरेपर्यंत घर पडता कामा नये. महिन्यातून एकदा तिघांपैकी कोणीतरी जायचं. पहिली पाळी दादाने मागून घेतली.

काम मोठं झालं नाही. सुताराने वासा बदलला नाही, कुजलेलं टोक निरोगी लाकूड लागेपर्यंत कापलं आणि त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला. नवा वासा घाला, असं आधी मीच म्हणत होते. ‘‘नऊ हात चांगला आहे, एका हातासाठी नऊ हात कशाला फेकता?’’ असं त्याने विचारलं आणि मला पटलं. बाबांचा सिमेंटचा पट्टा उतरवला. भिंत वाळायला वेळ द्यायची आहे, चुन्याचा गिलावा त्यानंतर. समोरासमोरच्या दोन खिडक्यांच्या वरच्या झडपा काढून तिथे बारीक जाळी बसवली, म्हणजे कुलूप असतानाही वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल. फटींतले कागद मी काढले, दुमडलेले, ओलसर, मधोमध काळे ठिपके पडलेले. दाराशेजारच्या खिळ्याला एक वही अडकवली. जो जाईल त्याने तारीख घालून लिहायचं, काय पाहिलं, काय ऐकलं. दादाची पहिली नोंद चारच ओळींची आहे. शेवटची ओळ, ‘माळ्यावर दहा मिनिटं बसलो, आवाज नाही.’

आकडा बसवायच्या दिवशी झडपेचं ते कापड सोडायला घेतलं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा खाऊन गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. नखांनी जमेना, शेवटी केसातला आकडा घालून एकेक पेड सैल केला. तिसरी गाठ उलगडली आणि आतून गडद निळा रंग निघाला, त्यावर पांढऱ्या बारीक चांदण्या. बाकी सगळ्या पट्टीवर त्या चांदण्या होत्या याचा मागमूसही उरला नव्हता. जिथे ऊन-पाऊस पोचला नाही, तेवढ्या दोन बोटांत दुपटं अजून नवं होतं.

धुऊन, घडी घालून मी ते पलीकडे द्यायला गेले. मूल दारातच खेळत होतं. तिने ते हातात घेतलं, ती गडद जागा अंगठ्याने चोळून पाहिली, मुलाला दाखवली. मग माझ्याकडे परत दिलं.

‘‘तिथेच ठेवा काकू, वहीच्या खिळ्याला. आकडा नवा आहे म्हणता, पण या बाजूचा वारा मी ऐकलाय.’’

मी ते खिळ्याला अडकवलं आणि दुसरी किल्ली तिच्या हातात दिली.